तांब्यामागचा घोट

"तिचं पाणी तुटू देऊ नकोस, महानंदा. बाकी सगळं मी बघते, तू तेवढंच बघ."

आत्या हे म्हणाली तेव्हा कस्तुरी पाच महिन्यांची होती आणि माझ्या मांडीवर तापानं फणफणत होती. आत्या म्हणजे माझी सासूच, पण त्याआधी वडिलांची सख्खी बहीण. मामाची मुलगी सून करून आणायची आमच्यात रीत आहे. त्या रीतीनं मी नळदुर्गला तिच्या घरी आले. तिनं मला सासुरवास म्हणून काही केला नाही. केला असता तरी माहेरी तक्रार करायची सोय नव्हती, कारण माहेरचे लोक तिचेच.

तीन डॉक्टर झाले होते. ताप का येतो ते एकालाही कळत नव्हतं. लंगोट मात्र बदलू तेवढे ओले. शेवटी आत्यानंच ताडलं. म्हणाली की पोरगी तापलेली नाही, सुकली आहे. तिनं ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढलं, बाळांना चोचीनं दूध पाजायचं ते छोटं भांडं, आणि उकळून गार केलेलं पाणी कस्तुरीच्या तोंडाला लावलं. पोरीनं एकामागून एक अकरा बोंडली रिकामी केली. संध्याकाळी ताप उतरला.

पुढं सोलापूरला दुखण्याचं नाव कळलं. मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, आलेलं सगळं सोडून देतं. आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच असं होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि सहज विचारलं, "लग्न नात्यातलं का?" ह्यांनी हो म्हटलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेम धरला. आमच्या घरी सकाळची अंघोळ झाली की भस्म लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. ती संपेपर्यंत मी बोलत नाही आणि पाणीही पीत नाही. हे लग्नाआधीपासूनचं. त्यात मी भर घातली. कस्तुरीच्या प्रत्येक तांब्यामागे माझा एक घोट. ती प्यायल्याशिवाय मी प्यायची नाही. हे मी कुणालाही सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. नेम बोलून दाखवला की त्याचं बळ जातं, असं आईनं शिकवलं होतं.

एकवीस वर्षं तो नेम चालला. तासाला एक तांब्या. शाळेत ती पाच लिटरचा कॅन घेऊन दाराशेजारच्या बाकावर बसायची, कारण दर अर्ध्या तासाला बाहेर जावं लागे. जेवण अळणी, कारण मीठ वाढलं की लघवी वाढते. पोरं तिला टँकर म्हणत. एकदा मी त्यावरून डोळे पुसले, तर तीच मला म्हणाली, "म्हणू देत की. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरइतका मान कुणाला असतो का?"

ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरायचं काम. कस्तुरी तिथंच मोठी झाली. बारा वर्षांची असताना वेढे मोजताना ती बापाच्या चुका काढायची. आयटीआय झाली आणि तिचं लक्ष माळावरच्या पवनचक्क्यांकडे लागलं. तुळजापूरच्या रस्त्याला आता नव्या उंच चक्क्या उभ्या राहिल्या आहेत, एकेक चाळीस मजली इमारतीएवढी. वर चढून दुरुस्ती करणारी माणसं हवी होती. कस्तुरी लेखी परीक्षेत पहिली आली, हाताच्या कामात पहिली आली. मग तिथल्या साहेबांनी तिचा वैद्यकीय कागद वाचला. वर एकदा चढलं की चार-पाच तास खाली येता येत नाही. पाणी बेतानं, आणि दुसरी सोय काहीच नाही. साहेब सज्जन होते. खाली ऑफिसात जागा निघाली तर कळवू, असं म्हणाले.

ती घरी आली आणि दुकानातलं वायंडिंग मशीन पुसत बसली. तीनदा पुसलं.

त्याच वर्षी सोलापूरच्या संशोधन केंद्रातून डॉ. काझींचा निरोप आला. तहसीन काझी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी आम्हाला तिघांना समोर बसवून कागदावर चित्र काढलं.

प्रत्येक पेशीला स्निग्ध पदार्थाची पातळ साल असते. तेलातून पाणी जात नाही, तसं त्या सालीतूनही ते सहजासहजी जात नाही. म्हणून सालीत प्रथिनांचे दरवाजे असतात. नुसत्या पाण्याचे वेगळे, ग्लिसरीनसारख्या छोट्या रेणूंना वाट देणारे वेगळे, क्षारांचे वेगळे. पाण्याचा दरवाजा इतका अरुंद की रेणू एकामागून एकच जाऊ शकतात. तरी एका दरवाजातून सेकंदाला तीनेकशे कोटी रेणू पार होतात.

"तुळजापूरची दर्शनबारी आठवा," डॉ. काझी म्हणाल्या. "एकेरी रांग, रेटारेटी नाही. ऐन मध्यावर प्रत्येक रेणू गर्रकन फिरतो, मागच्या-पुढच्याचा हात सुटतो. म्हणून पाण्याचा हात धरून आम्लाचा कण आत घुसू शकत नाही. मिठाला तर बारीतच घेत नाहीत."

मला ते फार आवडलं. इतक्या बारीक जागी इतकी शिस्त कुणी घालून दिली असेल, असं मनात आलं. बोलले मात्र नाही.

पुढं त्या म्हणाल्या की मूत्रपिंडं दिवसाला एकशेऐंशी लिटर पाणी गाळतात आणि जवळपास सगळं परत घेतात. शेवटच्या नळ्यांतले दरवाजे भिंतीत कायमचे बसवलेले नसतात. ते पेशीच्या आत कोठारात ठेवलेले असतात. अंगातलं पाणी कमी झालं की मेंदू रक्तातून निरोप धाडतो, मग ते भिंतीत येऊन बसतात आणि पाणी वाचतं. कस्तुरीच्या पेशी दरवाजे बनवतात, मेंदूचा निरोपही येतो. पण बनताना दरवाजाची एक घडी किंचित वाकडी पडते. पेशीत तपासणी करणारी यंत्रणा असते, ती वाकडा माल बाहेर सोडत नाही. दरवाजा चालला असता, पण कोठारापर्यंत पोचतच नाही.

"म्हणजे पास झालेला उमेदवार," कस्तुरी म्हणाली, "आणि फोटो तिरका म्हणून गेटवर अडवलाय."

डॉ. काझी हसल्या. आता त्यांच्याकडे एक रेणू होता. संगणकानं लाखो आकार जुळवून बघितल्यावर सापडलेला. तो वाकड्या घडीला टेकू देतो, तपासणीतून पार नेतो आणि भिंतीपर्यंत सोडतो. ह्यांनी त्याचं नाव लगेच वाटाड्या ठेवलं. दरवाजे जुने होतात, पेशी ते मोडून नवे करते, त्यामुळे वाटाड्या रोज लागणार. रोज सकाळी एक गोळी, जन्मभर, चुकवायची नाही.

"नेमच म्हणायचा," मी म्हणाले.

"नेमच, मावशी."

औषधाच्या चाचणीच्या कागदांवर सह्या झाल्या. मग त्यांनी मला एकटीला विचारलं. पाण्याच्या बाबतीत घरात काही खास सवय, काही पद्धत? कारण आता नियम उलटा होणार होता. तहान लागली तरच प्यायचं. वाटाड्यानं बसवलेले दरवाजे नेहमीच्या दरवाजांपेक्षा उशिरा आत परततात, त्यामुळे जादा पाणी चटकन बाहेर पडणार नाही. त्यात अळणी जेवण अजून दोन महिने, मीठ हळूहळू वाढवायचं. म्हणून पाण्यावर नजर ठेवायला हवी.

नेम सांगायचा नसतो. मी म्हणाले, "नाही, तसं काही नाही."

पहिले तीन दिवस ती केंद्रातच होती. चौदा लिटरांची लघवी दोन लिटरांवर आली. दंडावर नाण्याएवढी पट्टी लावून तिला घरी सोडलं. ती पट्टी रक्तातल्या मिठाचा अंदाज घेऊन सोलापूरला कळवत राहायची. घरी पहिल्या रात्री पोर आठ तास सलग झोपली. जन्मात पहिल्यांदा. सकाळी ह्यांनी तीनदा तिच्या नाकापाशी हात नेऊन बघितला आणि तिसऱ्यांदा ती जागी होऊन ओरडली की जिवंत आहे, झोपू द्या.

मी पूजा आटोपून तांब्या भरला. ती म्हणाली, "आत्ता नको, आई. तहान नाही."

हे वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ऐकून आनंद झाला. मी तांब्या झाकून ठेवला. वैशाखाचे दिवस, पारा चव्वेचाळीसला. दहा वाजले, अकरा वाजले. ती प्याली नाही, म्हणून मीही नाही. मला वाटलं, मोठ्या सुखाची थोडी किंमत द्यायलाच हवी. बारा वाजता ती स्वयंपाकघरात आली, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि तांब्या उचलून संपवला. मग मी एक घोट घेतला.

त्यानंतर ती नको म्हणाली नाही. तासाला तांब्या, पहिल्यासारखाच. मला वाटलं, सवय आहे, हळूहळू सुटेल. मी बोलणारी बाई नाही. तीही त्या बाबतीत माझ्यावर गेलेली.

नवव्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले होते. स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा माझी बोटं तळहातावरच्या लिंगाभोवती मिटली होती. मनात आलं की पाच मिनिटांत उठणारच आहे. हे वाचणाऱ्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं, मी स्वतःला त्याहून जास्त म्हणून झालं आहे.

पूजा झाली. मी तांब्या भरून गेले. कस्तुरी पायरीवर डोकं धरून बसली होती. मला बघून हसली, तांब्या घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग म्हणाली, "आज्जी आली का गं तुळजापूरहून?"

आत्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग तिला उलटी झाली आणि अंग लाकडासारखं ताठ झालं. ह्यांनी धावत येऊन तिला कुशीवर वळवलं आणि वाजणारा फोन उचलला. सोलापूरची नर्स होती. पट्टीवरचा आकडा पहाटेपासून घसरत होता, गाडी निघाली आहे, पाण्याचा एक थेंब देऊ नका, असं तिनं सांगितलं. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तो तांब्या ठेव खाली." मला तो हातातून सोडवेना.

केंद्रात तिला मिठाचं दाट पाणी शिरेतून अगदी सावकाश दिलं. ज्या मिठापासून मी तिला एकवीस वर्षं जपलं होतं, तेच. डॉ. काझींनी सांगितलं की रक्त पातळ झालं म्हणून पाणी मेंदूच्या पेशींत शिरलं. मेंदूतही त्याच जातीचे पाण्याचे दरवाजे आहेत. पेशी फुगल्या, कवटीत जागा तेवढीच. दुसऱ्या दिवशी दुपारी कस्तुरीनं डोळे उघडले आणि इथल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, ऐकू येत नाही का कुणाला, असं विचारलं. ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

डॉ. काझी खुर्ची ओढून बसल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, पण बारीक चौकशी करत होत्या. तहान नव्हती, तर दिवसाला बारा-तेरा लिटर पाणी पोटात गेलं कसं? औषधानं तहान बिघडवली असेल तर औषध सगळ्यांचंच थांबवावं लागेल. देशभरात चाळीस जण ते घेत होते.

चाळीस हा आकडा ऐकला आणि मला नेमाचं बळ वगैरे काही आठवलं नाही. मी सगळं सांगितलं. पाच महिन्यांच्या बाळापासून नवव्या दिवसापर्यंत. ह्यांना ते नवीन होतं.

कस्तुरीला नवीन नव्हतं.

"मला सातवीपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी प्याले की तू पितेस, नाहीतर नाही. उन्हात तुझे ओठ फाटले होते, आई. मी आणखी काय करणार होते?"



डॉ. काझी म्हणाल्या की कारण गोळीत असतं तर त्यांना ते प्रयोगशाळेत दुरुस्त करता आलं असतं. आता चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला त्या एवढंच लिहू शकतील की घर सुरक्षित असेल तरच ही मुलगी औषधावर राहू शकते. नाहीतर गोळी बंद, पुन्हा तांब्या, पुन्हा दाराशेजारचा बाक. गोळीचं कळल्यावर पवनचक्कीच्या साहेबांनी वर चढायची जागा श्रावणापर्यंत राखून ठेवली होती, हे डॉक्टरांनाही माहीत होतं.

मी म्हणाले, "नेम मोडायचा कसा, डॉक्टर? मोडला आणि हिला काही झालं तर?"

उत्तर कस्तुरीनं दिलं. "मोडू नकोस. उद्यापन कर. तू तुझ्या तहानेनं पी, मी माझ्या तहानेनं पिईन."

मी आत्याचे शब्द मनात पुन्हा पुन्हा लावून बघितले. तिचं पाणी तुटू देऊ नकोस, एवढंच आत्या म्हणाली होती. घोटाचं तिनं कधी सांगितलंच नव्हतं. तो मी जोडला होता, त्या 'लग्न नात्यातलं का'च्या दुसऱ्या दिवशी. मुलीला जे दिलं त्याची थोडी झळ आपल्यालाही लागावी म्हणून. शिवानं तो मागितला नव्हता आणि आत्यानंही नाही. ती असती तर म्हणाली असती, वेडी का खुळी, लग्न मी जमवलं, तहान तू काढतेस?

उद्यापन म्हटलं की दान आलं, जेवण आलं. मी विचारलं की माझ्या नेमाचं काय दान करायचं.  डॉ. काझी म्हणाल्या की जळकोटला सात महिन्यांचं एक बाळ आहे, त्यालाही हेच दुखणं. गोळी सहा वर्षांखाली देता येत नाही. त्याची आई घाबरून गेली आहे, पाणी द्यायला भिते, बाळ सुकतं.

"तिला शिकवायला माझ्याकडे तुमच्याशिवाय कुणी नाही, मावशी. पाणी द्यायला शिकवा. आणि पुढं कधी थांबायचं, तेही."

"जाईन," मी म्हणाले. "कस्तुरीचं मार्गी लागलं की जाईन."

घरी आल्यावर पहिल्या सकाळी पूजा झाली आणि मी माठापाशी गेले. कस्तुरी दारात ब्रश घेऊन उभी होती, दात घासायचं सोंग करत. मी फुलपात्र भरलं. हात थांबला. एकवीस वर्षांचं वळण आहे ते. मग मी ते प्याले, सगळं. माठाच्या पाण्याला वाळ्याचा वास येत होता. माठात वाळा मीच दर उन्हाळ्यात घालते.

ती फेसाळल्या तोंडानं म्हणाली, "दुसरं घे. मी मोजत नाहीये."

फोन आता पूजेच्या पाटाशेजारी असतो. मौन अजून आहे, पण फोन वाजला तर ते सुटतं. मठातल्या स्वामींना विचारलं होतं, ते म्हणाले की विचारायला कशाला आलात.

समितीनं परवानगी दिली. महिन्याभरात आकडे स्थिर झाले. मीठ वाढत गेलं. कस्तुरीनं पहिल्यांदा आंब्याचं लोणचं खाल्लं आणि तुम्ही इतकी वर्षं माझ्यासमोर हे खात होता, असं म्हणून बापाशी दोन दिवस अबोला धरला. एकदा ती दुकानातून घाईघाईनं घरात आली, चेहऱ्यावर नवल. म्हणाली, "आई, मला वाटतं, मला तहान लागली." जन्मापासून तिची तहान कधी गेलीच नव्हती, म्हणून ती येते कशी हे तिला माहीत नव्हतं. माठ दोन पावलांवर होता. मी जागची हलले नाही. ती स्वतः गेली, अर्धं फुलपात्र प्याली आणि उरलेलं तुळशीला ओतलं.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ती चक्कीवर चढणार होती. सकाळी गोळी घेतली, कपाळाला भस्म लावलं, पट्टा आणि हेल्मेट स्कूटीला अडकवलं. पाण्याची एक बाटली, लहान. मी दारात उभी होते. तोंडाशी आलेलं विचारलं नाही. तिनं ते ओळखलं आणि म्हणाली, "विचार की एकदा. आजच्या दिवस चालतंय."

"घेतलंस का पाणी?"

"घेतलं."

ती गेल्यावर मी आत आले. आत्याची ट्रंक उघडून चांदीचं बोंडलं काढलं, राखेनं घासलं, उकळत्या पाण्यातून काढून स्वच्छ फडक्यात बांधलं. एका वहीत बाळाच्या महिन्यांप्रमाणे मापं लिहून ठेवली होती, ती पिशवीत घातली. शेवटच्या पानावर मी थांबायचं कसं तेही लिहिलं आहे. ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

ह्यांनी दुकानातून हाक मारून विचारलं की सोबत येऊ का. मी नको म्हणाले, जळकोट काही लांब नाही. माठापाशी जाऊन फुलपात्रभर पाणी प्याले, कारण तहान लागली होती. मग पायात चपला सरकवल्या आणि बसथांब्याकडे निघाले.